बक्षीस नको, खर्चाला पैसे द्या

जानेवारी उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांत आयडिया स्पर्धांचा मोसम सुरू होतो. सभागृहात बॅनर लागतो. परीक्षक म्हणून आयटीतला एखादा अधिकारी, एखादा सीए आणि यशस्वी झालेला एखादा माजी विद्यार्थी येतो. पोरं उन्हातान्हात ब्लेझर घालून दहा-दहा स्लाइड दाखवतात आणि शेवटी तिघांच्या हातात पाच फुटी फ्लेक्सचा चेक दिला जातो. फोटो निघतो. तो संध्याकाळी इन्स्टाग्रामवर जातो आणि यथावकाश कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या फाइलमध्ये. बाकीच्यांना सहभागाचं प्रमाणपत्र. मी वाणिज्य शाखेत शिकवतो, अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे हे सगळं टेबलाच्या अलीकडून बघितलेलं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. विद्यार्थ्यांच्या उद्योगासाठी जे काही पैसे बाजूला काढले जातात, ते बक्षीस म्हणून वाटणं बंद करावं. तेच पैसे लहान रकमांत, पुष्कळ जणांना, फार चौकशा न करता आणि लवकर द्यावेत. माणशी पंचवीस हजार. कंपनी नोंदवायची अट नको, पाच वर्षांच्या अंदाजित नफ्याचा तक्ता नको, आणि अर्ज जास्त आले तर सरळ चिठ्ठी काढावी. चिठ्ठीवर पुढे येतोच, कारण तिथेच लोक बिचकतात.

पुण्यात योजनांचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणणार नाही. नवउद्योगांना हात देणारं व्हेंचर सेंटर पाषाणला एनसीएल या रसायन प्रयोगशाळेच्या आवारात आहे, सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत भाऊ इन्स्टिट्यूट आहे, पुणे विद्यापीठाचंही स्वतःचं नवोपक्रम केंद्र आहे. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. जैवतंत्रज्ञानात काही करणार असाल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत जातं. २०२१ मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली. राज्य सरकारच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झाली तर सरकारी काम मिळतं. या योजना वाईट नाहीत. त्यातून उभे राहिलेले उद्योग पुण्यात आहेत. पण हे सगळे आकडे ज्याच्याकडे दाखवण्याजोगं काही तयार आहे त्याच्यासाठी आहेत. सीड फंडाला तर आधी कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा भागीदारी संस्था नोंदवून सरकारी मान्यता आणावी लागते. एस. वाय.मधल्या मुलीने कंपनी काढायची म्हणजे सीएची फी, दरवर्षीचं ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडची (आरओसी) विवरणपत्रं. एक रुपयाचा माल विकला जायच्या आत हा मीटर चालू.

मुळात तिला हवे असतात किती पैसे? एक हिशेब मांडून बघू. समजा, ओतूरकडचा एक मुलगा इथे इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी करतोय. घरी कांदा साठवायची चाळ आहे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की पावसाळ्यातल्या दमट हवेत तो सडायला लागतो. वरून ढीग ठीकठाक दिसतो आणि आत पाणी सुटलेलं असतं. चाळीच्या पोटात तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर टाकायचे आणि गडबड झाली की फोनवर इशारा यायचा, अशी त्याची कल्पना. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलं तर वायफायवाला कंट्रोलर बोर्ड चार-पाचशेला पडतो, सेन्सर दोन-तीनशेला, वर बॅटरी, चार्जिंगचं मॉड्युल, वायर आणि डबा म्हणून घराच्या वायरिंगला लागणारा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स. हजार-बाराशेत एक नग उभा राहतो. असे दहा करायचे, त्यातले दोन-तीन जळणार हे धरून चालायचं. चाळीपाशी इंटरनेट मिळावं म्हणून डोंगल, त्याचा चार महिन्यांचा रिचार्ज, शिवाजीनगरहून एसटीच्या फेऱ्या. झाले पंचवीस हजार.

त्यातून काय मिळेल? उंदीर वायरी कुरतडतात हे कळेल. कांद्याचा पाला आणि धूळ बसली की सेन्सर वाट्टेल ते आकडे दाखवतो हे कळेल. आणि बहुधा हेही कळेल, की शेतकऱ्याला चाळीच्या वासावरूनच आत काय झालंय याचा अंदाज येतो. त्याला इशारा नकोच आहे. त्याला ऐन पावसात चाळ उपसून सडका कांदा निवडायला माणसं मिळत नाहीत. म्हणजे धंदा असलाच तर सेन्सरचा नाही, निवडणीच्या टोळीचा आहे, नाहीतर निवडणी सोपी करणाऱ्या एखाद्या यंत्राचा. हे शहाणपण पंचवीस हजारांत आलं तर स्वस्तात पडलं. दहा लाखांचं अनुदान घेऊन, दोनशे नगांचे साचे बनवून झाल्यावर ते आलं असतं, तर त्या मुलाने चूक कबूल करण्याऐवजी सेन्सरच कसा बरोबर आहे हे पटवत तीन वर्षं घालवली असती. मोठ्या पैशाचा हा एक तोटा फारसं कुणी बोलून दाखवत नाही. तो माणसाला मूळ कल्पनेला बांधून टाकतो.

शिवाय उद्योग म्हणजे सेन्सरच, असं तरी कुठे लिहून ठेवलंय? माझ्यासमोर येणाऱ्या बीकॉमच्या मुलींना भाजणी विकायची असते, नाचणीची बिस्किटं करायची असतात, हॉस्टेलच्या पोरांचे कपडे गोळा करून धुऊन द्यायचे असतात. खाद्यपदार्थांची मूळ नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, तो अडथळाच नाही. अडथळा पाकिटापाशी येतो. छापील पाऊच काढायचे तर छपाईच्या सिलिंडरचा खर्च अंगावर पडतो, वर काही हजार नगांची किमान ऑर्डर. म्हणून सगळ्या जणी साध्या पाऊचवर स्टिकर चिकटवतात आणि दुकानदार तो माल मागच्या फळीवर टाकतो. माल किती दिवस टिकतो ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं तर त्याचे पैसे वेगळे. पंचवीस हजारांत हे सगळं बसतं. पण स्पर्धेत ही मुलगी उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘यात इनोव्हेशन काय?’

हाच प्रश्न १९९०च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकणाऱ्या कैलास काटकरांना कुणी विचारला असता तर त्यांना काय सांगता आलं असतं? दहावीनंतर शिक्षण सुटलेला तरुण, दुरुस्तीचं दुकान. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. दुकानात दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसने बिघडलेले असायचे, म्हणून संजयने व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. इनोव्हेशन गिऱ्हाइकाच्या मागून आलं. दुकान आधी होतं.

आता चिठ्ठी.

आमच्यासारख्या परीक्षकांना दहा मिनिटांच्या सादरीकरणातून पुढचा उद्योजक ओळखता येतो, या समजावर सगळा डोलारा उभा आहे. मला तो समज अजिबात पटत नाही, आणि त्याला माझ्या शंकेपेक्षा भक्कम आधार आहे. नायजेरियाच्या सरकारने २०११ मध्ये तरुणांसाठी ‘यूविन’ नावाची मोठी योजना काढली. जवळपास २४ हजार अर्ज आले, १,२०० जणांना अनुदान मिळालं, सरासरी ५० हजार डॉलर. त्यातली गंमत अशी, की अगदी वरच्या गुणांचे अर्ज थेट घेतले आणि अंतिम यादीत उरलेल्यांतून बऱ्याच जणांची निवड सोडतीने केली. त्यामुळे जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांना पैसे मिळालेले आणि न मिळालेले सारख्याच लायकीचे उमेदवार शेजारी शेजारी ठेवून तपासता आले. तीन वर्षांनी पैसे मिळालेल्यांचे धंदे जास्त टिकलेले होते आणि त्यांच्याकडे जास्त माणसं कामाला होती. पुढच्या अभ्यासात परीक्षकांनी दिलेले गुण तपासले गेले. विजेत्यांपैकी कोण टिकलं, कुणी किती लोक कामाला ठेवले, याचा त्या गुणांशी जवळपास काही संबंध निघाला नाही. कॉम्प्युटरकडून भाकीत करवून पाहिलं, त्यालाही फारसं जमलं नाही.

ही रक्कम आपल्या पंचवीस हजारांच्या कितीतरी पट होती, आणि ते उमेदवार आधीच चाळून घेतलेले होते, हे खरं. म्हणून चाळणीच नको असं मी म्हणत नाही. अर्जदाराने आपल्या मालाबद्दल पाच-सात गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचं म्हणणं लिहून आणलेलं असावं, पैसे कशावर जाणार ते एका पानात मांडलेलं असावं, आणि त्याला ओळखणाऱ्या एका शिक्षकाची सही असावी. इतपत चाळणी पुरे. त्यापुढे एकशे चाळीस आणि एकशे एकेचाळीस क्रमांकात फरक करायला बसणं म्हणजे आमच्या आवडीनिवडी गुणांच्या रूपात मांडणं. इंग्रजी सफाईने बोलणारा, ब्लेझर अंगाला बसलेला मुलगा वर जातो आणि अडखळत बोलणारी नेवाशाची मुलगी खाली जाते. आमच्या मनात खोट असते म्हणून हे होत नाही. दहा मिनिटांत आम्हाला तेवढंच दिसतं. म्हाडाचं घर सोडतीने मिळतं, आरटीईचा शाळाप्रवेश सोडतीने होतो, तिथे कुणाला अपमान वाटत नाही. उलट सोडत हुकलेल्याला घरी ‘माझी कल्पना टाकाऊ होती’ असं सांगावं लागत नाही. तो पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज टाकतो.

पैसे पोहोचायची वाट हा आणखी एक घोळ. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातात पैसे देत नाहीत, कॉलेज त्याच्या वतीने खरेदी करतं. म्हणजे तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, प्राचार्यांची मंजुरी, जीएसटीचं पक्कं बिल. तपकीर गल्लीतला दुकानदार दोनशे रुपयांच्या सेन्सरसाठी तीन दरपत्रकं देणार आहे का? तो कच्च्या पावतीवर आकडा लिहून देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. बरं, कॉलेजने खरेदी केलीच, तर ती वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेच्या वहीत चढते. मग तो सेन्सर ओतूरच्या चाळीत न्यायचा तर गेटपास लागतो, आणि उंदरांनी खाल्ला तर चौकशी! असं एकदा झालं की पुढच्या वेळी पोरं अर्ज करण्यापेक्षा मित्राकडून उसने घेतात. मित्राकडे असले तर.

‘हातात पैसे दिले तर पोरं उडवतील’ हा आक्षेप स्टाफरूममध्ये हमखास येतो. काही जण उडवतील. नवा मोबाइल येईल, एखादा गोव्याला जाऊन येईल. म्हणून काय? दोनशे विद्यार्थ्यांना पंचवीस हजार दिले तर पन्नास लाख होतात, म्हणजे वर सांगितलेलं एकच मोठं अनुदान. दोनशेतल्या तीस जणांनी पैसे वाया घालवले असं धरलं तरी एकशे सत्तर जणांनी काहीतरी बनवून गिऱ्हाइकाच्या दारात नेलेलं असेल. आणि विद्यार्थ्याच्या खात्यात थेट पैसे टाकायची सवय आपल्या विद्यापीठाला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ‘कमवा व शिका’ योजना विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत चालते. तासांची नोंद होते, शिक्षक सही करतात, मानधन मिळतं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत विद्यार्थी विकास अधिकारी बसलेला आहे. त्याच वाटेने निम्मे पैसे आधी आणि उरलेले दोन महिन्यांनी, काय केलं ते दाखवल्यावर, असं देता येईल. कच्ची पावती आणि वस्तूचा फोटो पुरावा म्हणून चालला पाहिजे. यासाठी नवं मंडळ नको, नवं पोर्टल तर मुळीच नको.

कर्ज का नको, असंही विचारतात. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतातच की. मिळतात, आणि चालत्या धंद्याला ते ठीकच आहे. पण चाळीत सेन्सर टिकतो का हे बघायला कर्ज काढायचं, तर माल विकायच्या आत हप्ता सुरू. प्रयोग फसला तर एकविसाव्या वर्षी सिबिल बिघडलेला, आणि हप्ता शेवटी बापाच्या खिशातून. ज्याच्या घरी दुकान किंवा कारखाना आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. त्याला पंचवीस हजार जेवणाच्या टेबलावर मिळतात आणि बुडाले तर ‘शिकला’ असं म्हणतात. खानावळीचे डबे एकवेळचे करून खर्च भागवणाऱ्याला तेवढी बुडवण्याची मुभा कुणीच देत नाही. लहान अनुदानाचं काम तेवढंच आहे.

मुभेवरून आठवलं. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षांची किती मुलं राहतात ते पुणेकराला सांगायला नको. क्लासची फी, कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिका, खानावळ, चहा. घरचे शेतातून काढून पैसे पाठवतात आणि एक प्रयत्न हुकला की दुसऱ्याला, दुसरा हुकला की तिसऱ्याला पाठवतात. निकालाची वाट बघत पंचविशी उलटते तरी गावात त्या मुलाची अब्रू शाबूत असते, कारण तो ‘तयारी करतोय’. त्याच मुलाने सहा महिने भाजणीचा धंदा करून बंद केला तर तो वाया गेलेला. मी स्पर्धा परीक्षांच्या विरोधात नाही, माझे काही हुशार विद्यार्थी त्यातून चांगल्या पदांवर गेलेत. पण विद्यापीठाच्या नावाचं एक पत्र, ‘आपल्या प्रयोगासाठी अनुदान मंजूर’ असं, घरी गेलं तर त्या सहा महिन्यांनाही थोडी इज्जत मिळेल. पंचवीस हजारांपेक्षा कदाचित त्या पत्राची किंमत जास्त असेल.

मुलींच्या बाबतीत मात्र जपून राहावं लागेल. श्रीलंकेत लहान धंदेवाल्यांना शंभर-दोनशे डॉलरची मदत देऊन केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या धंद्यात त्या पैशाने नफा चांगला वाढला, बायकांच्या धंद्यात सरासरी वाढ दिसलीच नाही. आपल्याकडे कारण शोधायला लांब जायला नको. मुलीच्या खात्यात पैसे आले आणि त्याच आठवड्यात भावाची फी भरायची असली की काय होतं ते ठाऊक आहे. तिने मागितलं तर पैशांऐवजी थेट ओव्हन किंवा सीलिंग मशीन घेऊन द्यायची सोय ठेवावी. मशीनने भावाची फी भरता येत नाही.

पैसे कुणी द्यायचे? केंद्राच्या २०१९च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणातच संस्थांनी वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान १ टक्का यासाठी ठेवावा असं म्हटलंय. तेवढे ठेवणारी कॉलेजं शोधावी लागतील, पण आधार कागदावर आहे. गुजरातने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वेगळं धोरण काढून पाच वर्षांसाठी २०० कोटींची तरतूद केली आणि संस्थांमार्फत प्रकल्पामागे दोन लाखांपर्यंत दिले. महाराष्ट्राने ते नक्कल करून घ्यायला हरकत नव्हती. चाकण-भोसरीच्या कारखान्यांचा सामाजिक कामाचा निधी (सीएसआर) आहे, माजी विद्यार्थी संघ आहेत. एकच अट: याच राष्ट्रीय धोरणात संस्थेला विद्यार्थ्याच्या उद्योगात २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यायची मुभा आहे. मोठ्या मदतीसाठी ती वाजवी असेल. पंचवीस हजारांसाठी कॉलेजने हिस्सा मागितला तर ती सावकारी झाली.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. नोकऱ्या देता येत नाहीत म्हणून सरकार पोरांना धंद्याकडे ढकलतंय, असा. तो मला बराचसा मान्य आहे. उद्या एखाद्या मंत्र्याने या दोनशे जणांना ‘रोजगारनिर्मिती’च्या आकड्यात घातलं, तर मी पहिला विरोध करीन. यातले बहुसंख्य धंदे वर्षभरात बंद पडतील आणि ती मुलं नोकरीच शोधतील. फक्त ती नोकरी शोधताना त्यांनी एकदा तरी अनोळखी माणसाला काहीतरी विकलेलं असेल, उधारी वसूल केलेली असेल आणि पुरवठादाराशी भांडलेलं असेल. बीकॉमच्या तीन वर्षांत मला यातलं काहीच शिकवता येत नाही.

हजेरीचा प्रश्न राहतो. ७५ टक्के भरली नाही तर टर्म ग्रँट होत नाही, आणि सबमिशनच्या आठवड्यात चाळीवर जाणाऱ्याला कुणी माफ करत नाही. २०१९चं धोरण हजेरीत सवलत द्या म्हणतं, पण ते विभागप्रमुखाच्या टेबलापर्यंत पोहोचलेलं मी बघितलेलं नाही. अनुदानाच्या पत्रातच वीस-पंचवीस तासांच्या सवलतीचं वाक्य घालून टाकावं.

आणि वेळापत्रक. आज अशा पैशांची मंजुरी येते फेब्रुवारीत, खर्च करायचा ३१ मार्चच्या आत, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं त्याच आठवड्यात, आणि एप्रिलमध्ये परीक्षा. हे कॅलेंडर लेखा विभागाच्या सोयीचं आहे, विद्यार्थ्याच्या नाही. जूनच्या शेवटी अर्ज, जुलैत सोडत, पंधरा ऑगस्टच्या आत निम्मे पैसे खात्यात आणि हिशेब पुढच्या मे महिन्यात, असं चक्र लावायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव लागतो.